चूक आमचीच असेल

आमची मावशी खुर्चीला धडकली तरी खुर्चीची माफी मागायची. जेवणाच्या टेबलाचा कोपरा कमरेला लागला की ती कळवळायची आणि त्याच दमात म्हणायची, “माफ करा हं.” काका, म्हणजे तिचे यजमान, मान वर न करता सांगायचे, “टेबलाने केलं बरं का माफ.” काका दिवसभरात जी मोजकी वाक्यं बोलायचे, त्यांतलं हे एक.

कपडे धुण्याच्या मशीनी दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रारींच्या खिडकीवर ती बसायची. काचेत कापलेलं एक अर्धगोल भोक, त्याच्या पलीकडे संतापलेला माणूस. ती नवी होती तेव्हा आधीच्या बाईंनी तिला शिकवलं होतं की समोरच्याचं म्हणणं पुरतं ऐकण्याआधी चूक पदरात घ्यायची, पत्ता नंतर विचारायचा. चूक पदरात घेतली की आवाज खाली येतो. मावशी त्यात इतकी तरबेज झाली की कोणी विजारीच्या खिशात खिळे ठेवून ती मशीनमध्ये टाकली असली, तरी ती म्हणायची, “चूक आमचीच असेल, आम्ही बघतो.” लाल तोंडाने आलेली माणसं जाताना तिच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करून जात. कंपनीत तिला अग्निशामक म्हणायचे. माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, म्हणायची, “उद्या तुझं घर फोडलं ना, तर तू चोराची माफी मागशील. कुलूप फार घट्ट होतं म्हणून.”

मावशी हसायची. आम्ही सगळेच हसायचो. तिच्या स्वभावात काही धोका आहे असं आमच्यापैकी कोणालाही कधी वाटलं नाही.

काका जुनी पुस्तकं बांधायचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले. तिथे कायम खळीचा आणि कापडाचा वास. खळ वाळेपर्यंत पुस्तकांवर जड काहीतरी ठेवावं लागतं. धुण्याच्या मशीनच्या पोटात, ती हादरू नये म्हणून, सिमेंटचा एक ठोकळा बसवलेला असतो. मोडीत निघालेल्या मशीनमधला असा एक ठोकळा काकांसाठी हवा, असं मावशीने कंपनीत सांगून ठेवलं होतं. एके दिवशी काम सुटताना दुरुस्तीवाल्याने तो तिच्या गाडीच्या डिकीत आणून ठेवला. मावशीने त्याचे आभार मानले, ओझं उचलायला लावलं म्हणून माफीही मागितली, आणि ती घरी निघाली.

वाटेत गोदामाजवळ एक वळण लागतं. तिथे डिकीत काहीतरी धप्पकन आदळलं. ठोकळा सरकला होता. मावशीच्या मनात तेव्हा संध्याकाळचं जेवण होतं, उद्याचं एक हटवादी गिऱ्हाईक होतं. आवाज कानावर आला आणि गेला. पुढे पुलापाशी पोलिसाने हात केला. तिच्या पुढची राखाडी गाडी त्याने आधीच बाजूला घेतली होती. मावशीची गाडीही राखाडीच. पण त्यावरून काही जुळवावं असं तिला सुचलं नाही.

पोलीस तरुण होता, बोलायला मऊ होता. त्याच्या छातीवर छोटा कॅमेरा होता, तो तिने पाहिला. त्याने लायसन्स मागितलं, तिने दिलं. मग त्याने काचेतून वाकून विचारलं, “का थांबवलं, कल्पना आहे?”

“माझंच काहीतरी चुकलं असेल, साहेब. माफ करा.”

तो किती वेळचा उन्हात उभा आहे, याचंही तिला वाईट वाटलं होतं. कुठून येताय, कोणत्या रस्त्याने येताय, तो विचारत गेला आणि ती विचारल्यापेक्षा जास्त सांगत गेली. मग तो म्हणाला, “गोदामाच्या वळणावर गाडीला काही लागलं का?”

“हो, आवाज झाला खरा.”

“मग थांबला नाहीत?”

“थांबायला हवं होतं. माझं लक्षच नव्हतं.”

नंतर ती आम्हाला सांगायची की त्या क्षणी ठोकळा तिच्या डोक्यात नव्हताच. समोर प्रश्न विचारणारा माणूस होता आणि त्याचं समाधान करायचं होतं, एवढंच होतं. पोलिसाचा चेहरा बदलला तेव्हा तिला वाटलं, आपण नीट माफी मागितली नाही. म्हणून तिने ती परत मागितली. त्याने गाडीची किल्ली काढून घेतली, तिने किल्ली देताना “घ्या ना” म्हटलं.

गोदामाच्या वळणावर थोड्या वेळापूर्वी एका म्हाताऱ्या गृहस्थांना राखाडी गाडीने उडवलं होतं आणि गाडी पळून गेली होती, हे तिला ठाण्यात कळलं. गृहस्थ रस्त्यावर पडलेले सापडले, शुद्ध नव्हती. मावशी ठाण्यातल्या बाकावर बसली होती, पर्स मांडीवर धरून. काका आणि मी पोचलो तेव्हा तिने आमच्याकडे पाहिलं, पण आम्हाला ओळखायला तिला वेळ लागला. ओठ हलत होते, त्यांतून काही बाहेर येत नव्हतं. जन्मभर बोलत आलेल्या बाईचे नुसते ओठ हलताना मी प्रथमच पाहिले.

डिकीतल्या ठोकळ्याचं काकांनी तिथेच सांगितलं. गाडीच्या पुढच्या दिव्याची काच मागच्या वर्षी त्यांच्याच हातून भिंतीला लागून तडकली होती, तेही सांगितलं. समोरच्या अधिकाऱ्याने ऐकून घेतलं. नवरा असंच सांगणार, हे त्याला बोलून दाखवावं लागलं नाही. शेवटी त्याने एवढंच म्हटलं, की ठोकळ्याचं बाईंना तेव्हाच का सुचलं नाही.

ते गृहस्थ शुद्धीवर आले नाहीत. आठवडा होण्याआधीच गेले.

मावशी जामिनावर घरी आली, गाडी पोलिसांच्या आवारात राहिली. वकीलबाई मिळाल्या त्या माझ्या आईच्या ओळखीच्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या. त्यांच्या कचेरीत त्यांनी कॅमेऱ्यातलं ते बोलणं आम्हाला ऐकवलं. ‘थांबायला हवं होतं. माझं लक्षच नव्हतं.’ स्वच्छ, शांत, समजूतदार आवाज. मावशीने ऐकलं आणि खुर्चीच्या हाताला धरलं.

“हा माझा खिडकीतला आवाज आहे,” ती म्हणाली.

वकीलबाई म्हणाल्या, नाव सांगायचं, गाडीचे कागद दाखवायचे, तिथे संपलं. बाकी एकाही प्रश्नाचं उत्तर द्यायला तुम्ही बांधील नव्हता, ताई. गप्प बसायचा हक्क होता तुम्हाला. मावशीने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू कोणी तिला सांगत होतं की तिच्या घराला आणखी एक खोली आहे आणि ती इतकी वर्षं तशीच बंद पडली आहे.

“पण त्याने विचारलं ना,” ती म्हणाली.

वकीलबाईंनी फाईल मिटली. काका खिडकीबाहेर बघत राहिले.

खरा हादरा त्यानंतरचा. एका दुपारी ती माझ्या आईपाशी भाजी निवडत बसली होती. मध्येच सुरी खाली ठेवून म्हणाली, “मला एक बाही दिसते गं. त्या वळणावर. डाव्या बाजूला, करड्या रंगाची बाही.” आईने विचारलं, कोणाची? ती म्हणाली, त्यांचीच असणार. आईने भाजीचं ताट बाजूला सारलं. मावशीला रोज थोडं थोडं आठवत होतं. तिने जे केलंच नव्हतं ते ती आठवत होती, कारण आपण एकदा हो म्हटलंय तर काहीतरी झालंच असणार, असं तिचं मन तिला सांगत होतं. खिडकीवर चूक नेहमी दुसऱ्याची असायची आणि ती नुसती वरवर आपली म्हणायची. आता ती चूक आत शिरून घर करू लागली होती.

वकीलबाईंना कळलं तेव्हा त्यांचा चष्मा कपाळावरून नाकावर घसरला. त्यांनी विचारलं, हे आणखी कोणाला बोललात? आणि मग टेबलावर दोन्ही तळवे ठेवून सांगितलं की आजपासून कोणाशीही, अगदी कोणाशीही, या विषयावर एक शब्द बोलायचा नाही. पोलीस, शेजारी, कंपनीतली माणसं, त्या गृहस्थांच्या घरचे. खास करून ते. तुरुंगात जायचं नसेल तर तोंड बंद.

आई म्हणाली, हिला गप्प बसवण्यापेक्षा मलाच आत टाका. कोणी हसलं नाही.

मावशी गप्प बसायला शिकली. कंपनीने तिला खिडकीवरून काढून आत सुट्या भागांच्या कोठारात बसवलं होतं, तिथे बोलायला कोणी नव्हतं, हे एक बरं झालं. घरात ती टेबलाला धडकायची आणि ओठ दाबून उभी राहायची. काकांना ते पाहवत नसे.

मग पहिली तारीख आली. कोर्टाच्या लांब ओसरीत आम्ही बाकावर बसलो होतो. वकीलबाई आत गेल्या होत्या. साध्या साडीतली एक वयस्क बाई आमच्यापर्यंत चालत आली आणि मावशीसमोर उभी राहिली. त्या गृहस्थांची बायको. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाचं काय करायचं ते मावशीला माहीत होतं.

ती म्हणाली, मी भांडायला आलेले नाही. त्या दिवशी आमचं घरात भांडण झालं होतं. ते न बोलताच फिरायला बाहेर पडले. नंतर दवाखान्यात डोळेच उघडले नाहीत.

“तेवढंच सांगा,” ती मावशीला म्हणाली. “तिथे पडल्यावर ते काही बोलले का?”

मावशीचे ओठ उघडले. मी तिच्या शेजारी होतो, तिचा दंड माझ्या दंडाला लागला होता. मी तिथे नव्हतेच हो, एवढं तिला म्हणता आलं असतं. पण मी तिथे नव्हते, हे तिचं तिला तरी तेव्हा ठाऊक होतं का? तिने ओठ मिटले. बाकावर थोडी सरकली आणि शेजारची जागा हाताने पुसली. ती बाई बसली नाही. बराच वेळ उत्तराची वाट पाहत उभी राहिली, मग सावकाश गेली.

पुढे काही महिन्यांनी, गोदामापासून लांबच्या एका गॅरेजात, पत्रा ठोकून नवा रंग दिलेली, मूळची राखाडी अशी एक गाडी सापडली. ती चालवणाऱ्याने मुकाट सगळं कबूल केलं. मावशीवरचा खटला मागे घेतला गेला. वकीलबाईंचा फोन आला तेव्हा मावशी सुट्या भागांवरची धूळ पुसत होती. तिने फोन ठेवला आणि तशीच पुसत राहिली. घरी आल्यावर काकांना म्हणाली, “अहो, मग ती बाही कोणाची होती?”

गाडी सोडवायला काका, मी आणि ती असे तिघे गेलो. आवारातून गाडी बाहेर काढल्यावर ती म्हणाली, आधी त्यांच्याकडे. कोणाकडे, हे काकांनी विचारलं नाही.

दार त्याच बाईने उघडलं. मावशीने उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं की पोलिसांनी तुम्हाला कळवलंच असेल, मी त्या वेळी तिथे नव्हते. ते काही बोलले की नाही, मला माहीत नाही.

बाईने मान हलवली. कळवलं होतं. मग ती म्हणाली, “तुम्ही त्या दिवशी गप्प राहिलात ना, म्हणून मला वाटत होतं ते काहीतरी बोललेत. सांगण्यासारखं नसेल, पण बोललेत. इतके महिने मी तेवढ्यावर काढले.”

मी मावशीकडे पाहिलं. आता ते वाक्य येणार, असं मला वाटलं; जन्मभर ज्याला त्याला दिलेलं वाक्य इथे तरी येणारच. ते आलं नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती हात जोडायलाही विसरली. बाईने हळूच दार लोटलं, लावून घेतलं नाही. फटीतून आतला एक रिकामा कोच दिसत होता. आम्ही निघालो.

परतीचा रस्ता गोदामाच्या वळणावरूनच होता. काका गाडी चालवत होते. वळणावर मागे डिकीत धप्पकन काहीतरी आदळलं.

ठोकळा इतके महिने डिकीतच होता. तिघांनाही ते माहीत होतं.

काकांनी गाडी कडेला घेऊन थांबवली. खाली उतरले. डिकीकडे पाहिलंही नाही. वळणापर्यंत मागे चालत गेले, रस्ता पाहिला, कडेचं गवत वाकून पाहिलं, पलीकडची बाजूही पाहिली. मग परत येऊन गाडीत बसले.

“कोणी नाही,” ते म्हणाले.

मावशी समोर काचेतून बघत होती. काकांनी किल्ली फिरवली.