विष्णूच्या नावानं दिलेली उत्तरं

विष्णू गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुन्नरकडच्या एका यात्रेत, बैलगाडा शर्यतीच्या घाटात माईकवर होतो. एका जोडीच्या धावेची बारी सुटायला आली होती आणि मी लोकांना सांगत होतो की या जोडीनं मागच्या वर्षी उडवलेली धूळ अजून माळशेजच्या पलीकडं उतरायची आहे. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. विष्णूचा मेहुणा होता. तो चार शब्द बोलला आणि मी माईक तोंडाजवळ तसाच धरून म्हणालो, “मंडळी, जरा थांबा. माझा दोस्त गेला.” घाटभर हशा पिकला. कुणीतरी शिट्टी मारली. गाडामालक माझ्याकडं मान वर करून बघत राहिला. पुढं काहीतरी फक्कड येणार, असं त्याला वाटत होतं. तीस वर्षं मी त्या माईकवर बैल उडवले, मेलेले गाडामालक शर्यत बघायला परत आणले. एकदाच खरं बोललो, त्याची ही किंमत.

दशक्रियेला आमच्याकडं भाषणं होतात, हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. पाच-सात पुढारी बोलले. एकानं खिशातला कागद काढून विष्णूच्या ‘निर्व्यसनी जीवनाचा आदर्श’ घ्यायला सांगितलं. तोंडाच्या कॅन्सरनं गेलेल्या माणसाचा! या वेळी मात्र कुणी हसलं नाही. शेवटी माईक माझ्याकडं आला. तालुक्यातलं एकही दशक्रियेचं श्राद्ध मी कोरडं जाऊ दिलेलं नाही, पण त्या दिवशी घसा बसलाय असं सांगून मी माईक पुढं सरकवला. घसा ठणठणीत होता. त्या दिवशी जे बोललो नाही, ते इथं लिहितो आहे.

अवसरी फाट्याजवळ विष्णूचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. महाळुंग्यापासून मंचरपर्यंतच्या विहिरींवरच्या मोटारी जळल्या की त्याच्याकडं यायच्या. मी दिवसाला जेवढं बोलतो तेवढं तो वर्षात बोलत नसे, आणि त्यातलं निम्मं मोटारींशी. शाळेपासून आमची जोडी. मास्तरांनी प्रश्न विचारला की तो माझ्याकडं बघायचा आणि मी दोघांच्या वाटणीचं उत्तर द्यायचो. त्यामुळं छड्याही दोघांच्या वाटणीच्या मिळायच्या. मोठं झाल्यावरही तेच. त्याच्या लग्नाची बोलणी मी केली, वीजमंडळाच्या सायबाशी मी भांडलो. तो नुसता म्हणायचा, “दत्त्या, तू बोल. तुला त्वांड हाय.”

त्याच्याकडं बोलण्याऐवजी चिठ्ठ्या होत्या. आलेल्या प्रत्येक मोटारीला तो पुठ्ठ्याची चिठ्ठी तांब्याच्या तारेनं बांधायचा. वर मालकाचं नाव, खाली दोष. शेतकरी येऊन शपथेवर सांगायचा की भाऊ, व्होल्टेज कमी-जास्त झालं, मी हात बी लावला नाय. विष्णू मोटार उघडायचा, तारेचा वास घ्यायचा आणि त्याच्यादेखत लिहायचा: ‘कोरडी चालवली.’ एकदा सरपंचाच्या मोटारीवर लिहिलं होतं: ‘मालकाचा हलगर्जीपणा.’ सरपंच म्हणाला, “इष्णू, निदान लोकांसमोर तरी उलटी टांगून ठेव रे.” विष्णूनं ती तशीच सरळ टांगली. अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी आली, तीही म्हणायची की या काकांची एक चिठ्ठी आमच्या दहा पानांच्या रिपोर्टाला भारी आहे. खोटं लिहिणं त्याला जमतच नसे. माझी दोस्ती कशी काय पचली, देव जाणे.

गाल मात्र कायम भरलेला. तंबाखू मळायची, चुना लावायचा, बार भरायचा आणि वायंडिंगला, तार गुंडाळायला बसायचं. गेल्या दिवाळीनंतर तो भाकरी दुधात कुस्करून खायला लागला. मी म्हणालो, “काय राव, आत्तापासनं म्हाताऱ्याची तयारी?” दुकानात चहा यायचा, त्याचा कप तसाच निवायचा आणि मी दोन्ही कप संपवायचो. दुसऱ्याचा चहा प्यायला मिळाला की मी कारण विचारत नाही… तेव्हा तर नव्हतंच विचारलं.

थंडी सरता सरता एका सकाळी विष्णूचा फोन वाजला. दुकानात मी होतो आणि मोटारी घेऊन आलेले तिघं शेतकरी. विष्णूनं नंबर पाहिला आणि सवयीनं फोन माझ्या हातात दिला. मी स्पीकर लावला. श्रोते असले की मी स्पीकर लावतोच. एक मुलगी बोलत होती, आवाज कोवळा पण शिस्तीचा. आरोग्याची पाहणी आहे, मोठ्या माणसांच्या सवयी विचारायच्या आहेत, वीस मिनिटं लागतील. मग म्हणाली, “घरातल्या ज्या व्यक्तीचा वाढदिवस सर्वात अलीकडे झाला असेल, त्यांच्याशीच मला बोलायचंय.” आता आली का पंचाईत! विष्णू, त्याची बायको मंगलवहिनी आणि म्हातारी आई, तिघांचाही कागदावरचा जन्म एक जूनचा. आमच्या पिढीला आयांनी कधीही जन्म दिला असेल, मास्तरांनी मात्र एक जूनलाच दिला. मी म्हणालो, “मॅडम, एक जूनला आमच्या तालुक्यात केक संपतो.” शेवटी ज्याचा फोन त्यालाच घ्या, असं मीच ठरवून दिलं. तिनं विचारलं, “आपण स्वतः विष्णू बोलताय ना?”

“मी सोडून दुसरा विष्णू वैकुंठात,” मी म्हणालो. दुकान खदखदा हसलं.

आणि मग मी सुटलो. तंबाखू? “वासानंच घेरी येते, मॅडम.” माझ्यासमोर विष्णूच्या गालात लिंबाएवढा बार होता. फळं? “झाडं विचारून जातात, आज कुठलं धाडू.” व्यायाम? “रोज भीमाशंकरला पळत जातो, चहाला घरी.” ती न हसता म्हणाली, “मिनिटांत सांगा, सर.” मी म्हणालो, बिबट्या मागं लागला तर कमी मिनिटं लागतात. ती म्हणाली, “बिबट्या आठवड्यातून किती दिवस लागतो?” मी म्हणालो, “त्याच्या सवडीवर.” एक शेतकरी मोटारीवर बसून डोळे पुसायला लागला.

तेव्हा तिनं विचारलं, “तोंडात एखादी जखम किंवा चट्टा आहे का, जो पंधरा दिवसांत भरला नाही?”

विष्णूनं हातातली तार खाली ठेवली. वायंडिंग अर्धं असताना तार ठेवलेली मी कधी पाहिली नव्हती. तो वळला आणि त्यानं हात पुढं केला. फोनकडं… असं मला वाटलं. पण समोर तिघं हसत होते आणि तोंडावर आलेलं वाक्य मला कधी गिळता आलेलं नाही. त्याला हातानंच थांबवून मी म्हणालो, “मॅडम, तोंडात बत्तीस मोती आहेत, बघायला तिकीट लागतं.” ती म्हणाली, “म्हणजे नाही.” मी म्हणालो, नाही. विष्णूचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यानं तार उचलली.

पुण्याला नेलं तेव्हा उन्हाळा संपत आला होता. जबड्याचा एक भाग काढला आणि त्याचं बोलणं, होतं तेवढंही, संपलं. वहिनींनी दुकानातून कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणून दिला. भेटायला येणाऱ्यांना तो त्यावर लिहून दाखवायचा. माझ्यासाठी बहुतेक वेळा एकच: ‘दत्त्या, तू बोल.’ मी बोलायचो. नर्सेस दारात उभ्या राहून ऐकायच्या. एका दुपारी तो खाटेवर, मी खुर्चीत, दोघंच होतो तेव्हा मी विचारलं, “इष्णू, त्या दिवशी तू फोन मागत होतास का रे?” मग त्यानं चिठ्ठी घेतली. हाताला वळणच पडलेलं, त्यामुळं आधी वर नाव घातलं: दत्ता. खाली लिहिलं: ‘चहा सांगत होतो.’

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. विष्णूची चिठ्ठी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी ती पाकिटात ठेवली आणि त्या दिवशी वॉर्डात असा काही बोललो की शेजारच्या पेशंटचे टाके उसवायची वेळ आली.

तो गेल्यावर पाचव्या आठवड्यात मी आणि मंगलवहिनी दुकान आवरत होतो. चिठ्ठ्या वाचून ज्याची त्याला मोटार पोचवायची होती. दशक्रियेत ‘आम्ही लई सांगितलं त्याला, तंबाखू सोड’ म्हणत फिरणारे, त्या फोनच्या वेळी हसलेले ते तिघंही मोटारी घेऊन गेले होते. तेवढ्यात विष्णूचा फोन वाजला. वहिनींनी स्पीकर लावला. तीच मुलगी. पाहणीची दुसरी फेरी होती, विष्णू सरांशी बोलायचं होतं.

“ते वारले,” वहिनी म्हणाल्या.

“सॉरी मॅडम…” ती म्हणाली. “त्यांची तब्येत इतकी चांगली होती.”

मी फोन घेतला आणि तिला सांगितलं की मागच्या वेळी मी बोललो होतो. ती म्हणाली, “तसं असेल तर सर, तो फॉर्म बाद करावा लागेल.” म्हणजे कुठल्याशा संगणकात रोज भीमाशंकरला पळणारा, तंबाखूच्या वासानं घेरी येणारा एक विष्णू इतके दिवस जिवंत होता. तोही त्या सकाळी गेला. मी विचारलं, “तोंडातल्या जखमेच्या प्रश्नाला मी हो म्हणालो असतो तर?” ती म्हणाली की मग एक सूचना वाचावी लागते. वाचा, म्हणालो. तिनं वाचली. अशी जखम लवकर दाखवली तर उपचार होऊ शकतात, तपासणी मोफत आहे, आणि तालुक्याच्या दवाखान्याचं नाव, वार, वेळ. घाटात एक बारी जुंपून सुटायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

फोन ठेवल्यावर मी वहिनींकडं न बघता म्हणालो, “पण वहिनी, तो फोन मागत नव्हता. चहा सांगत होता. त्यानं लिहून दिलंय.” आणि पाकिटातली चिठ्ठी त्यांच्या पुढं धरली.

त्यांनी ती दोनदा वाचली. “भाऊजी,” त्या म्हणाल्या, “त्येंनी दिवाळीपासनंच चहा सोडला व्हता. गरम काय बी लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. तुमाला ठावं न्हाई? त्येंच्या वाटणीचा तुमीच पीत व्हता की.”

मग त्या मोटारी मोजायला लागल्या.

दुकानात चिठ्ठ्या टांगायचे खिळे अजून आहेत. मोटारी गेल्या, एकच चिठ्ठी राहिली आहे. मीच ती तिथं तांब्याच्या तारेनं बांधून आलो. हजारो माणसांचा खोटेपणा तोंडावर लिहून देणाऱ्या विष्णूनं आयुष्यात खोटं लिहिलं ते एवढंच. वर मालकाचं नाव आहे, दत्ता. खाली, दोषाच्या जागी, चहा सांगत होतो.