तानुबाईच्या हापशाचा नियम

परभणीच्या त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत बावीस घरं, एक पेटी, एक ढोलकी आणि एक तानुबाई. पेटीचा एक सूर कायमचा बसलेला, तो तेवढा तानुबाईला दुरुस्त करता आला नव्हता. बाकी चर्चचा नळ, दाराची कडी, घंटेची दोरी, काहीही बिघडलं की हाक तिलाच. पण उपासनेत उठून साक्ष द्या, देवाचा आपला अनुभव सांगा म्हटलं की ही बाई पदराचं टोक चावत खाली बघायची. तीस वर्षांत चर्चमध्ये ‘आमेन’च्या पुढे तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

तिचा धंदा हापसे दुरुस्त करायचा. पंचायत समितीने बायकांना हातपंपाचं काम शिकवायचं म्हणून एकदा शिबिर घेतलं. बारा बायका आल्या. अकरा जणी चहा पिऊन घरी गेल्या, तानुबाई पान्हा घेऊन गेली. तेव्हापासून परभणीजवळच्या झरी गावाच्या आसपास कुठलाही हापसा बंद पडला की सिताराम लुना काढायचा आणि मागे तानुबाई मांडीवर पान्हे घेऊन बसायची. सिताराम म्हणजे तिचा नवरा. लोक त्याला बायकोचा ड्रायव्हर म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट नव्या गावात शिरला की तोच आधी सांगायचा, “मिस्त्री मागं बसलीय.”

या मिस्त्रीचा एक नियम होता. हापसा चालू झाला की पहिली घागर रांगेत सगळ्यात शेवटी उभी असेल तिची. तानुबाईची आई गावच्या विहिरीवर पायरीखाली घागर मांडून बसायची, कारण त्यांच्या वस्तीने वर चढायचं नाही असा रिवाज होता. वरच्या कुणी ओतलं तर पाणी. सगळ्यांचं भरून झाल्यावर, ऊन डोक्यावर आलं की कुणाला तरी तिची आठवण व्हायची. लहानगी तानु शेजारी चुंबळ सांभाळत उभी असायची. ते उभं राहणं ती विसरली नव्हती.

एका गावात तात्याराव नावाच्या बड्या असामीने हा नियम ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. तानुबाईने वाद घातला नाही. दांड्याचा बोल्ट काढून कनवटीला खोचला आणि लिंबाच्या सावलीत जाऊन बसली. बोल्टाशिवाय दांडा हलेना. तासाभराने तात्यारावच म्हणाले, “भरू द्या तिला आधी. ही बाई काय उठायची न्हाई.” पुढे तेच तात्याराव हापसा बिघडला की दुसऱ्या कुणाला बोलवत नसत.

आता ही बाई झांबियाला कशी गेली, ते ऐका. कृषी विद्यापीठात शिकायला आलेला चोंगो नावाचा तिकडचा एक जण दोन वर्षं दर रविवारी या चर्चमध्ये यायचा. शिक्षण संपवून परत निघाला तेव्हा त्याने चर्चच्या अंगणात सगळ्यांना गावचे फोटो दाखवले. आई मुतिंता, घर, शेळ्या आणि एक बंद पडलेला पंप. दोन वर्षं तो बंद होता आणि बायका तासभर चालून कोरड्या नदीत झिरा उकरत होत्या. फोटो हातोहात फिरत तानुबाईपाशी आला. तिने तो उन्हात धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, “आगं बया, हा तर आपलाच हापसा हाय. वायसर गेलं आसंल.”

खरंच तो भारतातून गेलेल्या बनावटीचा पंप होता. शांतवन पाळकांनी पुढच्या रविवारी विषय काढला. परदेशातून माणसं आपल्याकडे सेवा करायला आली, आपण कधी कुठे गेलो? बावीस घरांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग सगळ्यांनी तानुबाईकडे बघितलं. बरोबर इंग्रजी बोलायला सविता जाईल असं ठरलं. ती शाळेत मास्तरीण होती आणि तिला कोणी ‘नको’ म्हणू शकत नसे. तिकिटांसाठी मंडळीने वर्षभर पैसे साठवले, नाताळचं जेवणसुद्धा साधं केलं, आणि कुरकुर केली ती फक्त जेवणाच्या बाबतीत.

निरोपाच्या उपासनेत पाळक म्हणाले, “तानुबाई, दोन शब्द.” ती उठली. पदर तोंडाकडे गेला, पण चावायचा राहिला. “पानी काढल्याबिगर मी म्हागं येनार न्हाई,” एवढं म्हणून ती बसली. सिताराम दचकला. बायको परत न येण्याचीही गोष्ट यात आहे, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

विमानतळावर सामान वजनाच्या वर गेलं. पान्हे, क्लॅम्प, वायसरची पिशवी, शेंगदाण्याची चटणी. तानुबाईने दोन लुगडी बाहेर काढून नेसत्या लुगड्यावरच गुंडाळली आणि झांबियात उतरली ती अंगाने दुप्पट होऊन. चोंगोच्या आईने तिला मिठी मारली तेव्हा मुतिंताचे हात पाठीमागे पोचेनात. दोघी तिथेच हसायला लागल्या. भाषेची अडचण पहिल्या भेटीतच निम्मी झाली. उरलेल्या निम्मीसाठी तानुबाईचं वाक्य सविताच्या तोंडून इंग्रजीत जायचं, चोंगोच्या तोंडून टोंगा भाषेत आणि मग बायकांचं हसू सरळ परत यायचं.

काम मात्र हसण्यासारखं निघालं नाही. पाईप वर ओढायला पंधरा बायका दोरीला लागल्या होत्या, गात होत्या. दर खेपेला तानुबाई खालच्या पाईपला दुसरा क्लॅम्प, म्हणजे पाईप धरून ठेवणारा चाप, लावून मगच वरचा सोडवायची. त्या दिवशी गाण्याच्या ठेक्यात ती विसरली. सातव्या पाईपचे आटे गंजून झिजले होते, ते सुटले आणि खालचे तीन पाईप पाणी उचलणाऱ्या सिलिंडरसकट बोअरमध्ये गेले. आत धप्प झालं. गाणं थांबलं.

चूक तानुबाईची होती आणि ती तिला लख्ख कळत होती. परतीच्या विमानाला पाच दिवस होते. संध्याकाळी सितारामचा फोन आला. “पानी लागलं का?”

“न्हाई. होतं ते बी बुजवलं मी.”

सिताराम म्हणाला, “राणीसावरगावात पडला होता की पाईप. तवा कसा काढला?”

एवढंच तो बोलला. पण सकाळी तानुबाई चोंगोला घेऊन बाजारगावातल्या वेल्डिंगवाल्याकडे गेली. मोठ्या पाईपचा हातभर तुकडा घेतला, त्याच्या तोंडाला उभ्या चिरा मारल्या आणि मधल्या पट्ट्या आतल्या बाजूला वाकवायला लावल्या. पडलेल्या पाईपच्या जोडावरून हे तोंड खाली सरकलं की पट्ट्या जोडाखाली अडकतात आणि पाईप धरून ठेवतात. वेल्डिंगवाल्याने आधी नकारार्थी मान हलवली, मग दोनदा आपल्या मनाने सुधारणा केली. कारागिराला कारागीर ओळखू येतो, त्याला दुभाषा लागत नाही.

ते तोंड बोअरमध्ये सोडलं, पण पहिल्या दिवशी त्यात काही अडकलं नाही. दुसऱ्या दिवशी अडकलं आणि अर्ध्यात सुटलं. तानुबाईने जेवण टाकलं, तेव्हा मुतिंताने मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा गोळा हातात घेऊन तिला स्वतः भरवला, आणि शेंगदाण्याची चटणी त्यावर थापली. तिसऱ्या दिवशी पाईप आला. चौथा दिवस रविवारचा होता. उपासना आधी की काम, असा प्रश्न चोंगोने तिथल्या पाळकांना विचारला. ते बाह्या सरसावत म्हणाले, पाण्यानंतरचा उपदेश लोक जास्त लक्ष देऊन ऐकतील.

झिजलेले आटे वेल्डिंगवाल्याने नवे पाडून दिले होते. सकाळपासून पाईप खाली सोडले, दर जोडाला दोन क्लॅम्प. नवी वायसरं बसवली. मुतिंताने दांडा धरला. वीस हापसे कोरडे गेले, तीस गेले. तानुबाई पंपाच्या खांबाला कान लावून उभी होती. मग तिने हात वर केला, आणि तोटीतून आधी लालसर, मग गढूळ, मग काचेसारखं पाणी आलं. गावाने जो कल्ला केला त्यात शेळ्या दावी तोडून पळाल्या.

तेवढ्यात तानुबाईने नियम सांगितला. सविता, चोंगो असा फिरून तो बायकांपर्यंत गेला. रांग लांब होती. सांगून झाल्यावर तानुबाई सवयीप्रमाणे मागे सरकली. काम झालं की बाजूला व्हायचं, सगळ्यांचं भरून झालं की उरल्या पाण्यात हाताचं काळं धुवायचं, अशी तिची रीत होती. मुतिंता रांगेच्या कडेने चालत निघाली. बायका मोजत, नावं घेत शेवटच्या टोकाला आली. तिथे काळे हात लुगड्यापासून लांब धरून तानुबाई उभी होती.

मुतिंताने तिचं मनगट धरलं. तानुबाई म्हणाली, “आगं मी न्हाई, मी मिस्त्री हाय.” ते सविताने इंग्रजीत केलंच नाही. रांग दोन्हीकडे सरकली आणि मधून वाट झाली. मुतिंताने आपली घागर तोटीखाली काठोकाठ भरली आणि तानुबाईच्या समोर धरली. एवढ्या वर्षांत तिने किती गावांना पहिली घागर वाटली असेल, पण त्या रांगेत तिला कोणी मोजलं नव्हतं. तिने स्वतःही नव्हतं मोजलं. ओंजळ करून ती प्यायली. आईची फार आठवण आली आणि ती सगळ्यांसमोर मोकळी रडली, आणि रडता रडता हसलीही.

इकडे परभणीत उपासना नुकतीच सुटली होती. अंगणात सितारामचा फोन वाजला, त्याने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. “पानी लागलं का?” त्याने विचारलं.

“लागलं,” तानुबाई म्हणाली. मागे गाणं चाललं होतं, म्हणून ती मोठ्याने बोलत होती, चर्चमध्ये कधी बोलली नव्हती एवढ्या मोठ्याने. “आन ऐका, पयली घागर मला दिली.”

म्हणजे काय, असं अंगणात कोणीही विचारलं नाही. शांतवन पाळकांनी चष्मा काढला. ढोलकीवाला पुन्हा आत ढोलकी आणायला गेला. सितारामने फोन पाळकांच्या हातात दिला, भिंतीशी उभी असलेली लुना काढली आणि मागची रिकामी सीट रुमालाने पुसायला लागला. मिस्त्रीला परभणीत पोचायला अजून तीन दिवस होते.