सुमित्राक्का आधी स्वतः खेळायच्या

सुमित्राक्कांवर अन्याय झाला शनिवारी, ८ मे २००४ रोजी, संध्याकाळी साडेपाच वाजता, हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या आमच्या मराठी वाचनालयाच्या सभेत. अन्याय करणारे कार्यकारिणीचे सात जण आणि आठवी मी. हत्यार माझंच होतं. गुलाबी कागदावर छापलेलं पत्रक, मथळा : 'पालकांनो, तुमची मुलं रक्ताला सोकावतायत!' मी तेव्हा बावीस वर्षांची, धारवाडला कायदा शिकत होते, आणि पत्रक लिहिण्यात माझा हात धरणारं कुणी दोन्ही गावांत नाही, अशी माझी खात्री होती.

अक्का कोण, ते सांगते. लॅमिंग्टन रोडच्या मागे राहायच्या. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. वाचनालयाने मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर घेतले, सुट्टीत सहावीपासून नववीपर्यंतची मुलं गेम खेळायला येऊ लागली, आणि त्या उकाड्यात बसायला दुसरं कुणी तयार होईना म्हणून किल्ली अक्कांकडे आली. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम केला : कुठलाही गेम त्या स्वतः शेवटपर्यंत खेळल्याशिवाय मुलांच्या हाती जाणार नाही.

आणि शेवटपर्यंत म्हणजे शेवटपर्यंत. सकाळी दहाला यायच्या, पदर खोचायच्या, डावा हात कीबोर्डवर, उजवा माउसवर, शेजारी वही आणि लाल पेन. बासष्ट वर्षांची बाई पडद्यावर दोराला लटकून दरी ओलांडायची! चुकलं की कन्नडमध्ये स्वतःशीच म्हणायच्या, "अय्यो, मत्ते सत्ते", परत मेले, आणि कुठे मेले, कशाने मेले, ते वहीत लिहायच्या. पुस्तकं बदलायला आलेले एक आजोबा खिडकीतून हसले, म्हणाले, अक्का, नातवंडांचा गृहपाठ तुम्ही करताय काय? अक्कांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"तान्ह्याला दूध द्यायच्या आधी मनगटावर थेंब टाकून बघतोय की आपण. तुम्ही कधी पाजलं नाही, तुम्हाला काय ठाऊक."

वहीत प्रत्येक गेमसाठी दोन प्रश्न असायचे. मारलं की खेळ काय देतो? आणि मारल्याशिवाय पुढे जाता येतं का? खाली वय आणि अटी. अर्ध्याहून जास्त गेम त्यांनी नापास केले होते. ही वही मी उघडून पाहिली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. मी पाहिली नाही.

मी पाहिलं ते एका गेमच्या डब्यावरचं चित्र. बुडालेल्या किल्ल्यात हरवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी मुलगी, हातात भाला, भाल्याच्या टोकावरून ठिबकणारं रक्त. अक्कांनी तो पास केला होता! माझं डोकं फिरलं आणि एका बैठकीत पत्रक लिहून झालं. शेवटी मोठ्या मनाने एक सूचनाही केली : मुलांना खेळायचंच असेल तर कपाटात पिवळ्या मोटारीचा एक निरुपद्रवी गेम पडलाय, तो द्या.

सभेत मी पत्रक वाचून दाखवलं. अक्का उठल्या आणि शांतपणे मला विचारलं, "बाळ, हा गेम तू कुठपर्यंत खेळलीस?"

"विष ओळखायला विष प्यावं लागत नाही, अक्का."

टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत अक्का थांबल्या. मग म्हणाल्या, "प्यायचं नाही, कबूल. तपासायचं तर असतं. न तपासता बाटलीवर चिठ्ठी डकवणाऱ्या पोरांना मी प्रयोगशाळेच्या बाहेर उभं करत होते."

त्याला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्ष नानासाहेब, पेठेतले जुने कापड व्यापारी, यांनी ठराव मांडला : 'श्रीमती सुमित्राबाई यांनी लहान मुलांना हिंसेची गोडी लावली असल्याने त्यांना या कामातून मुक्त करण्यात येत आहे.' सात हात वर. किल्ली माझ्या हातात. ज्या बाईने तीस वर्षं या गावाची मुलं घडवली, तिच्या नावावर हे एक वाक्य चढलं, आणि ती चपला घालून निघून गेली.

पुढच्या शनिवारी मी पिवळी मोटार लावली. अर्ध्या तासाने खोलीतून एवढा जल्लोष ऐकू आला की मी आत धावले. चौदा-पंधरा मुलं एका पडद्याभोवती, आणि सगळी एका सुरात : "आज्जी! आज्जीला उडव!" पडद्यावर भाजीची पिशवी घेतलेली म्हातारी रस्ता ओलांडत होती. मोटार फुटपाथवर चढली. म्हातारी उडाली, भाजी उडाली, घंटी वाजली आणि वर गुण चढले. सहावीतली एक मुलगी आनंदाने मला सांगू लागली की म्हाताऱ्यांचे जास्त मिळतात, कारण त्या हळू चालतात.

निरुपद्रवी! हा शब्द मी छापला होता. अक्कांची वही त्याच खोलीतल्या कपाटात होती. उघडली. 'पिवळी मोटार. मारलं की बक्षीस. न मारता पुढे जाता येत नाही. कुणालाही नको.'

तशीच त्यांच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत तीन वेळा ठरवलं आणि दारात नुसतं वहीतलं पिवळ्या मोटारीचं पान पुढे धरलं. अक्का शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "किल्ली आहे ना जवळ? उद्या दहाला ये. तू खेळणार, मी बघणार."

ती सकाळ मी विसरणार नाही. मी, माझी पत्रकं, माझं सगळं वक्तृत्व, पहिल्याच उडीला खड्ड्यात! अकरा वेळा मेले. अक्का शेजारून सांगायच्या, घाई करू नको, आधी बघ, मग उडी मार. बाराव्या वेळी पलीकडे पोचले तर मी खुर्चीतून उठून ओरडले आणि वाचनालयाचा शिपाई बघायला आला. पुढे किल्ल्याचं दार, दारात पहारेकरी. मी मागचापुढचा विचार न करता भाला घातला. दार उघडलं. मला वाटलं जिंकले. पण पुढच्या गावात एकेक घर माझ्या तोंडावर बंद होऊ लागलं. कुणी वाट सांगेना, कुणी पाणी देईना.

"त्या पहारेकऱ्याला नुसतं विचारलं असतं तरी त्यानं सोडलं असतं," अक्का म्हणाल्या. "मीसुद्धा पहिल्यांदा मारला त्याला. फार वाईट वाटलं. तेरा वर्षांच्या पोराला तेवढं वाईट वाटलेलं चालतं की."

मग वहीतलं पान दाखवलं. 'तेरा पूर्ण झालेल्यांना. त्याखाली नाही, कारण मुलगी पाण्यात गुदमरते ते फार वेळ दाखवलंय, लहान मूल झोपेत दचकेल. पहिला अर्धा तास मी शेजारी बसणार.' माझ्या चार पानी पत्रकात त्या गुदमरण्याबद्दल अक्षर नव्हतं. ज्या गोष्टीने मूल खरंच घाबरलं असतं ती मला माहीतच नव्हती. मी बंदी मागत होते आणि तरी माझ्याहून कडक त्या होत्या.

मी दुसरं पत्रक काढलं, पहिलं मागे घेतलं, नानासाहेबांना भेटले. ते म्हणाले, झाला तो ठराव झाला. सुमित्राबाईंनी दिलगिरीचं पत्र द्यावं, मग बघू. अक्कांनी उलट निरोप पाठवला की सातही जणांनी अर्धा-अर्धा तास तो गेम खेळावा, मग म्हणतील ते पत्र देते. नानासाहेबांनी मला विचारलं, "या वयात आम्ही उड्या मारायच्या काय?" हे मी अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाना माझ्याहून चार वर्षांनी धाकटा आहे."

एकही जण खेळायला आला नाही. खोलीला कुलूप लागलं, कॉम्प्युटरवर चादरी पडल्या. मुलं कोप्पीकर रोडवरच्या गेम पार्लरांत जाऊ लागली, तिथे आधी खेळून बघणारं कुणी नव्हतं. अक्का २००७ मध्ये गेल्या. शोकसभेत नानासाहेब 'आदर्श शिक्षिका' म्हणाले आणि त्यांचा आवाजही भरून आला. मी उभी राहून विचारलं, मग तो ठराव? मला खाली बसवण्यात आलं.

ठराव अजून इतिवृत्ताच्या वहीत तसाच आहे. सभासदहो, या महिन्याच्या वार्षिक सभेत तो रद्द करण्याची मागणी मी करणार आहे. मला तुमचे हात वर हवेत. पण माझ्या शब्दावर विसंबून वर केलेला एकही हात नको, तसले हात एकदा पाहिलेत. कुलूप मी उघडून घेतलंय, गेम लावून ठेवलाय, रोज सकाळी दहापासून खोलीत बसलेली असते. या, अर्धा तास खेळा, आणि मग हात वर करा.