बहिणीची लेक मागताना

गेल्या वर्षी मी देवाची पूजा सोडली नव्हती, पण त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. आंघोळ झाली की दत्ताच्या तसबिरीला फूल वाहायचं, उदबत्ती लावायची आणि पाठ फिरवून कामाला लागायचं. मागण्यासारखं एकच होतं, आणि तेच मागायला जीभ रेटत नव्हती.

माझी धाकटी बहीण सुनंदा बरीच वर्षं मनाच्या आजारात आहे. गोळ्या चालू असल्या की ती आपल्यासारखीच असते. स्वयंपाक करते, मुलीचा अभ्यास घेते. गोळ्या सुटल्या की तिला नसलेले आवाज ऐकू येतात. तिचा नवरा या सगळ्याला कंटाळून निघून गेला, तो कुठे आहे कुणालाच ठाऊक नाही. तेव्हापासून सुनंदा आणि तिची लेक ओवी इकडे हिंदी मुलखात, साकेत नगरात माझ्याकडेच राहत होत्या. मी लग्न केलं नाही. शाळेतली नोकरी आणि या दोघी, एवढाच माझा संसार. एका दुपारी मी शाळेत असताना सुनंदा ओवीचा हात धरून बड्या तलावावर गेली आणि पाण्यात उतरायला लागली. लोकांनी दोघींना ओढून काढलं. सुनंदाला इस्पितळात भरती केलं, ओवीला बालगृहात नेलं. मी तिची सख्खी मावशी आहे, हे मी भेटेल त्याला सांगत राहिले. पण कायद्याच्या लेखी मी तिची कोणीच नव्हते.

वकीलबाई आमच्या ओळखीतल्या, त्यांचं माहेर इंदूरचं. त्या म्हणाल्या, "ताई, पालकत्वासाठी अर्ज करू. पण आई मुलीला सांभाळू शकत नाही, हे कोर्टापुढे सिद्ध करावं लागेल. आणि सुनंदा परत त्याच घरात येणार असेल ना, तर जजसाहिबा मुलीला तिथे पाठवणार नाहीत. हे समझून घ्या."

समजलं. ओवी हवी तर सुनंदाला घराबाहेर ठेवायचं. आमच्या आईने जाताना जिचा हात माझ्या हातात दिला होता, तिच्याविरुद्ध मीच सही करायची.

पुढचे महिने याच पेचात गेले. रविवारी ओवीला भेटायला जायची. सुरुवातीला ती धावत येऊन विचारायची, "मावशी, पिशवी भरू का?" मग तिने विचारणं बंद केलं. एकदा माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आई मला बुडवणार होती का गं?" मी म्हटलं, "तिला बरं नव्हतं, बाळा." तिने मान हलवली. मी दिलं ते उत्तर नव्हतं, हे आम्हा दोघींनाही कळलं.

सुनंदासाठी कोलार रोडला एक निवासी संस्था पाहून आले. जागा स्वच्छ होती, माणसं वाईट नव्हती. पण एका खाटेवरची बाई जाळीला गाल लावून बसली होती, आणि मला तिच्या जागी सुनंदा दिसली. घरी येऊन चपला न काढताच दत्तापुढे बसले. "दोघींतली एक निवड म्हणतोस? मला नाही जमत. आता तू बघ." ती प्रार्थना नव्हती. हातातलं ओझं पेलवेना, म्हणून ते खाली टाकलं होतं.

पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, दिवशी इस्पितळातून सुनंदाला आणलं. कोर्टाच्या व्हरांड्यात गर्दी, आरडाओरडा, पोलीस. ते पाहून ती बिथरली. "मला धरायला आलेत," असं पुटपुटत डोकं हलवायला आणि स्वतःचे केस ओढायला लागली. माणसं बाजूला सरकली. मी तिचे हात धरले तर तिने मला झटकून टाकलं. अशा अवस्थेत तिला आत नेणार, आणि तिची अवस्था हाच माझा पुरावा! त्या क्षणी मला मरण यावं असं वाटलं.

शेजारच्या बाकावरून एक बाई उठल्या. फिकट हिरवी ओढणी, डोळे सुजलेले. त्यांनी पर्समधून कंगवा काढला आणि सुनंदाच्या मागे उभ्या राहून म्हणाल्या, "चोटी बना दूँ, बहन? मेरी बिटिया भी ऐसे ही सिर हिलाती है." त्या हळूहळू गुंता सोडवत राहिल्या. सुनंदाचे हात खाली आले. वेणी घालून होईस्तोवर ती शांत झाली होती.

आत जजसाहिबांनी मृदू आवाजात विचारलं, "ओवी को कौन सँभाले?"

"ताई," सुनंदा म्हणाली. "मैं उसको बहुत चाहती हूँ. इसलिए ताई." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "मला दुसरीकडे ठेव. तिला घरी ने."

जे मागायची मला लाज वाटत होती, ते तिने आपणहून दिलं.

बाहेर आले तर त्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मधल्या वेळात त्यांचीही पेशी झाली होती. त्यांची मुलगी तूर्तास बापाकडेच राहणार होती. मी त्यांच्याजवळ गेले. त्यांनीच विचारलं, "आपको बच्ची मिल जाएगी न?" मी मान हलवली. "बस," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

याला मी चमत्कार म्हणत नाही. दत्तगुरूंनी त्या माउलीच्या हातून माझं काम करून घेतलं आणि तिला मात्र रिकाम्या हाताने का पाठवलं, हे मला कळत नाही. दर गुरुवारी त्यांना विचारते. उत्तर येत नाही, पण बोलणं पुन्हा सुरू झालं आहे. शरण जाणं म्हणजे सगळं पटणं नव्हे, एवढं कळलं. न पटलेलंही त्यांच्याच पायाशी ठेवायचं असतं.

निकाल लागला, सुनंदा कोलार रोडच्या संस्थेत गेली आणि ओवी घरी आली. बरेच आठवडे ती आईकडे यायला तयार नव्हती. मग एका रविवारी आपणहून चपला घालून दारात उभी राहिली. कोलार रोडला पोचल्यावर मात्र फाटकातच थबकली. सुनंदाही पुढे आली नाही. ती आवारातल्या निंबाखाली जमिनीवर बसली आणि शेजारची माती हाताने साफ केली. बऱ्याच वेळाने ओवी गेली आणि जरा अंतर ठेवून बसली. मी फाटकाशीच थांबले, आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न मागता हात जोडले.