बिनपंख्याचा कॉम्प्युटर

चालू असलेला कॉम्प्युटर बंद पडलाय म्हणून मी दोनदा दुरुस्तीला नेला. पासलीहून कापूरहोळला, पोत्यात गुंडाळून, एस.टी. बदलत. दोन्ही वेळा तो ठणठणीत होता.

आधी जुन्याचं सांगतो. ऑफिसनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर मी रिटायर होताना घरी आणला होता. बटण दाबलं की पिठाची गिरणी सुरू व्हायची. आत पंखे दोन, एक मुख्य चिपवर आणि एक चित्राच्या कार्डावर, आणि दोघांचं एकमेकांशी जमत नसे. ती घरघर एका सुरात येईपर्यंत मी चहा टाकायचो आणि मगच पडद्याचं बटण दाबायचो. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, इन्व्हर्टर पुरवून वापरावा लागतो, मग पडदा आधीपासून कशाला जाळा? हा माझा स्वतःचा शोध. भेटेल त्याला मी तो सांगत असे. भेटणारे थोडेच. बायको गेल्यापासून घरात माझ्याखेरीज आवाज करणारं एवढं एकच उरलं होतं, म्हणून लाईट असली की काम संपल्यावरही मी तो तासभर घरघरत ठेवायचो.

काम म्हणजे आठवड्यातून एकदाच. माझी नात दिल्लीत वाढतेय. रविवारी अकरा वाजता ती इंटरनेटच्या तारेवरून पडद्यावर येते आणि मी तिला मराठी शिकवतो. आम्ही ‘ळ’पाशी अडकलो होतो. केळं म्हणायचं तर ती ‘केलं’ म्हणे. तिची जीभ कुठं लागते ते मला नीट दिसायला हवं. माझा मोबाईल बटणांचा, त्यात आवाजसुद्धा देवळाच्या ओट्यावर गेलं तरच येतो. तेव्हा पावसाळ्यात जुना कॉम्प्युटर कायमचा गप्प झाला, तसा मी नवा घ्यायला कापूरहोळच्या दुकानात गेलो.

दुकान एक बाई चालवते, माझ्या मुलीच्या वयाची. मी म्हटलं, चित्राचं कार्ड भारीतलं टाक. ती म्हणाली, “कार्ड लागत न्हाई, काका. ह्या चिपमधीच चित्राची सोय हाय. स्वस्तातली हाय, पर तुमच्या कामाला लई झाली. बल्बाएवढी वीज खाती. तुमच्या इन्व्हर्टरवर आरामात चालंल.”

इन्व्हर्टर हा शब्द ऐकला आणि माझा बोलण्याचा आठवड्याचा साठा फुटला. पडदा उशिरा लावण्याचा शोध मी तिला सविस्तर सांगितला. त्या दरम्यान तीही काहीतरी सांगत होती. मी तिला मध्ये बोलू दिलं नाही.

घरी आलो, वायरी जोडल्या, बटण दाबलं. आवाज नाही. चहा झाला, पिऊन झाला, तरी आवाज नाही. मेला, म्हटलं. पुन्हा पोतं.

दुकानात तिनं वायर लावताच चित्र हजर. “चालू हाय की, काका.” रस्त्यात धक्क्यानं काहीतरी जागेवर बसलं असणार, असं मी तिलाच समजावलं आणि परतलो. घरी पुन्हा तेच. मध्ये रविवार आला आणि गेला. ओट्यावर जाऊन मुलीला फोन लावला. ती म्हणाली, “बाबा, पोरगी वही उघडून तासभर बसली होती.” मी म्हटलं, मशीन फसवं निघालं. ओट्यावर मी आणखी थोडा वेळ बसून राहिलो.

दुसऱ्या खेपेला कंडक्टर म्हणाला, “पेशंट परत आजारी का?”

बाईनं या वेळी पोतं सोडलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. “आता तुमीच लावा. घरी लावता तसं.”

मी बटण दाबलं, डब्याला कान लावला आणि हाताची घडी घालून बसलो.

“काय करताय?”

“आवाज यायची वाट बघतोय.”

तिनं हात लांब करून पडद्याचं बटण दाबलं. चित्र आलं. “ह्यो तापतच न्हाई, काका. म्हणून ह्यात पंखा न्हाई. पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं. तवा तुमी मला इन्व्हर्टर शिकवत व्हता.”

पुढच्या रविवारी नात आली. चित्र इतकं स्वच्छ की पडलेल्या दाताची जागा दिसली. जीभ कुठं न्यायची ते मी तोंड वासून दाखवलं, तिनं बघितलं, आणि केळं म्हणाली. मग बाळ, मग कापूरहोळ, अगदी आपल्याकडची वाटावी अशी. शेवटी हात हलवून गेली. पडदा बंद केला आणि घरात काहीच उरलं नाही. मशीन चालू आहे की नाही तेही कळेना. वर हात ठेवून बघितला, तर जेमतेम कोमट.

सोमवारी मी परत कापूरहोळला गेलो, मशीन न घेता. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यामधून वाट काढून म्हटलं, “ह्यात एखादा पंखा बसवता येईल का? जरा आवाजाचा बघ.”

तिनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“मशीनला पंखा नगं, काका. तुमाला घरी बोलायला कोण न्हाई, म्हणून तुमी एस.टी. बदलत हितं येता. बसा त्या स्टुलावर. पर मी गिऱ्हाइकाशी बोलत आसंल तवा मधी तोंड घालायचं न्हाई.”