भाजलेली माती

देवमन रोपवाटिकेची माती कढईत भाजतो, याची शेंदूरजनाघाटात बरीच थट्टा झाली. "वयनी, आज मातीले फोडणी कायची?" असं बाया त्याच्या बायकोला, केशरबाईला, विहिरीवर विचारत.

चाळिशीपर्यंत देवमन दुसऱ्यांच्याच बागांत संत्र्याचे डोळे बांधून कलमं करत आला. बुरशीनं मुळं कुजून वाफेच्या वाफे आडवे झालेले त्यानं पाहिले होते. म्हणून १९६१ साली स्वतःची पहिली रोपवाटिका घातली, तेव्हा नवराबायकोनं माती भाजूनच वाफे भरले.

संत्र्याचं कलम ज्यावर चढवतात ती जंबेरीची रोपं कुजली नाहीत, पण वाढलीही नाहीत. वीतभर होऊन पिवळी पडली. शेणखतानं फरक पडेना. खोड पेन्सिलीएवढं झाल्याशिवाय त्यावर डोळा बांधता येत नाही. 'देवमनची रोपं' म्हणून गावात त्याचं नाव व्हायचं ते यंदाच, नाहीतर भाजणाऱ्याची थट्टा तेवढी उरणार होती.

कोपऱ्यातला एक वाफा मात्र मांडीएवढा उंच वाढला होता.

"हाच काहून वाढला?"

"सरपण सरलं होतं," केशरबाई म्हणाली. "जुन्या झाडाखालची कच्चीच माती टाकली. तुमी रागावसान म्हून बोलली नाही."

तो रागावलाच. मग दोन्हीकडचं एकेक रोप ओल्या पोत्यात गुंडाळून अमरावतीला निघाला. तिथं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शालिकराम मास्तरांनी मुळं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. खुरट्या रोपाचं मूळ कोरं होतं. दुसऱ्याच्या मुळात निळे धागे शिरले होते, आत फांद्या फुटल्यासारखे पसरले होते.

"हेबी बुरशीच," मास्तर म्हणाले. "हिले पानं नाहीत, सोताचं अन्न करता येत नाही. मुळाकडून साखर घेते. मूळ पोचत नाही तिथून स्फुरद आणून देते. केसाहून बारीक धागे, पण लांब जातात. तुमी चोर हाकलाले गेले, अन् घरचा गडीबी हाकलला."

"मंग कच्च्या मातीत चोर नसन कशावरून?"

"नसनच असं नाही."

देवमन घरी येऊन दोन दिवस वाफ्यांकडे फिरकला नाही. मग खोडातून डिंक न गळणारं एक निरोगी झाड त्यानं निवडलं आणि त्याखालची माती प्रत्येक रोपाच्या मुळाशी घातली. काही रोपं कुजलीच. ती उपटून त्यानं बांधाबाहेर जाळली. बाकीची उन्हाळ्याच्या तोंडी हिरवी होऊ लागली, पण डोळे बांधायचा हंगाम तोवर गेला होता.

त्या वर्षी बांधण्याजोगा एकच वाफा होता, कोपऱ्यातला. कलमं न्यायला आलेले लोक केशरबाईची रोपं कोणती, म्हणून विचारत. देवमन बोटानं वाफा दाखवी.