उष्टी ताटं
उष्ट्या ताटांवर कढत पाणी पडलं की एक तेलकट वास येतो. तो वास विलायतेतला, पण आठवतं ते कोपरगावाजवळचं आमचं गाव. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिकडे शिकत होतो आणि संध्याकाळी एका हॉटेलात ताटं धूत होतो. दोन्ही झेपेना, म्हणून परत जायचंच नाही असं ठरवून सुट्टीत घरी आलो, तर एसटीच्या थांब्यावर बँड उभा. मारुतीपुढे हार झाले, सरपंचांचं भाषण झालं आणि त्यात मी परस्पर साहेब झालो. मग गावजेवण. जेवण उरकताच मी सवयीने उठलो, शेजाऱ्यांची ताटं उचलली, खरकटं एकात लोटलं आणि चळत हातावर घेतली. पंगतीतल्या माना माझ्याकडे वळल्या. तेवढ्यात सरपंच गरजले, "बगा, विलायतेला गेलं, पन पोराला गर्व न्हाई! समद्यांची उष्टी काढतंय!" टाळ्या पडल्या. वडील मात्र माझ्या सोललेल्या बोटांकडे बघत होते. हात धुताना त्यांनी हळूच विचारलं, "ह्येच करतूस व्हय तिकडं?" मी म्हणालो, "व्हय दादा. मला परत जायचं न्हाई." त्यांनी माझ्या गळ्यातला हार सारखा केला. "आता कसं रं? समद्या गावानं हार घातल्यात." मी परत गेलो. पदवी मिळाली नाही, ताटं सुटली नाहीत. तिकडे माझं स्वतःचं हॉटेल आहे, असं गावात अजून सांगतात. खरं काय ते एकट्या वडिलांना ठाऊक होतं, आणि ते कुणाला न सांगता गेले.